स्मोंग : सिमेउलुए बेटावरची एक गोष्ट आणि तिनं केलेलं काम

२६ डिसेंबर २००४, रविवार, स्थानिक वेळ सकाळी ७.५८. सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्राच्या सगळ्यांत जवळ असलेल्या वस्तीच्या बेटांपैकी एक म्हणजे सिमेउलुए. सुमात्राच्या किनाऱ्यापासून साधारण १५० किलोमीटर आत, जेमतेम १०० किलोमीटर लांब, इंडोनेशियाच्या आचे प्रांतातलं. त्या वेळची लोकसंख्या सुमारे ७८,०००, आणि बहुतेक गावं पाण्याला लागून. हादरे थांबल्यावर उत्तर टोकावरच्या गावांना पहिली लाट पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. बेटावर सात माणसं दगावली. इंडोनेशियात त्याच दिवशी मेलेल्यांचा आणि बेपत्ता झालेल्यांचा आकडा सुमारे १,६७,००० आहे, आणि तो जवळजवळ सगळा आचेचाच.

हिंदी महासागरात तेव्हा त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा नव्हती. बेटावर भोंगा नव्हता. घरोघरी सांगितली जाणारी एक गोष्ट होती, आणि लोक त्या गोष्टीप्रमाणे वागले.

हे प्रकरण जगभर सांगितलं जातं, पण बहुधा चुकीच्या सुरात. 'आदिम लोकांचं हजारो वर्षांचं ज्ञान' असं म्हटलं की श्रोता भारावतो आणि पुढचा प्रश्न विचारत नाही. स्मोंगची, म्हणजे त्सुनामीच्या लाटेची, ही गोष्ट हजारो वर्षांची नाही. २००४ मध्ये तिला ९७ वर्षं झाली होती. म्हणजे पणजीनं पाहिलेलं, आजीनं ऐकलेलं आणि नातवाला सांगितलेलं. एवढ्या थोड्या काळात ती इतकी घट्ट कशी बसली आणि तिच्यात नेमकं काय होतं, हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

१९०७

४ जानेवारी १९०७ रोजी याच पट्ट्यात भूकंप झाला. त्यानंतर आलेल्या लाटेनं सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्याचा शेकडो किलोमीटरचा भाग झोडपला. सिमेउलुए आणि नियास या बेटांचं सगळ्यांत जास्त नुकसान झालं. सिमेउलुएवर गावंच्या गावं गेली. वाचले ते डोंगरावर होते किंवा वेळेत चढले. त्यांच्या सांगण्यातून गोष्ट तयार झाली.

बेटावर तीन भाषा आहेत : देवायन, सिगुलाई आणि लेकोन. 'स्मोंग' हे त्या लाटेचं देवायनमधलं नाव. गोष्ट सांगण्याच्या प्रकाराला नाफी-नाफी म्हणतात. कुणी गेलं कुठे, काय घडलं, त्यातून काय घ्यायचं, असा थोरांनी लहानांना सांगायचा घरगुती प्रकार. त्याला वाद्य लागत नाही, रंगमंच लागत नाही, जाणकार गायकही लागत नाही. ही गोष्ट सांगण्याचा हक्क कुठल्याही एका कुळाकडे किंवा पुरोहिताकडे नाही, ही लहान वाटणारी बाब फार मोठी आहे. जी परंपरा एका घराण्याच्या गळ्यावर अवलंबून असते, ती त्या घराण्यातला मुलगा नोकरीसाठी शहरात गेला की तुटते. नाफी-नाफी कुठलीही आजी सांगू शकते, आणि चार आज्यांपैकी एक विसरली तरी तीन उरतात.

गोष्टीचे सांधे

पाठ घराघरात बदलतो. कुणाच्या गोष्टीत म्हैस वाहून जाते, कुणाच्या गोष्टीत नारळाच्या शेंड्याला धरून माणूस तरतो. सांगाडा मात्र बदलत नाही. आधी जमीन जोरात हलते. मग समुद्र मागे जातो, एरवी न दिसणारा तळ उघडा पडतो आणि त्यावर मासे तडफडत असतात. काही माणसं ते गोळा करायला धावतात. ती परत येत नाहीत. जी डोंगराकडे पळाली, ती राहतात.

यात दोन खुणा आहेत, एक मोह आहे आणि एक कृती आहे. मोहाचा भाग काढून टाकला तर गोष्ट निम्मी उरेल. उघड्या तळावर पडलेले मासे ही मासेमार माणसाला खरोखर बोलावणारी गोष्ट आहे. २००४ मध्ये अनेक किनाऱ्यांवर माणसं मागे गेलेला समुद्र पाहायला पुढे सरसावली. सरकारी पत्रकात 'समुद्र मागे हटल्यास दूर जा' असं वाक्य असतं. त्या क्षणी माणसाला काय करावंसं वाटेल, हे त्यात नसतं. नाफी-नाफीत ते आधीच सांगून ठेवलेलं आहे, आणि ज्यानं तसं केलं त्याचं काय झालं तेही.

दुसरं म्हणजे कृती एकच आहे आणि ती क्रियापदात आहे : पळा, वर. सामान घ्या, शेजाऱ्याला विचारा, खात्री करा, असलं काही नाही. २००४ मध्ये लोक ओरडले तेही एवढंच, 'स्मोंग!'. ज्याला गोष्ट माहीत आहे त्याला त्या एका हाकेत सगळं कळतं.

सांगण्याची वेळही ठरावीक नसली तरी मोकाट नाही. संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर घरात मुलं जमतात तेव्हा, लवंगा खुडण्याच्या दिवसांत हात चालू असताना, आणि मुख्य म्हणजे छोटा भूकंप झाला की. बेटाखाली एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो आहे, त्यामुळे लहान धक्के नित्याचे. प्रत्येक धक्क्यानंतर कुणीतरी गोष्ट काढतं. त्यामुळे तिची उजळणी जमिनीच्याच वेळापत्रकानं होते. २ नोव्हेंबर २००२ रोजी बेटाजवळ ७ च्या वर तीव्रतेचा भूकंप झाला. मोठी लाट आली नाही, पण लोक वर पळाले आणि वाटा पायाखालून गेल्या. दोन वर्षांनी त्याच वाटा लागल्या.

खोट्या इशाऱ्यांनी लोक कंटाळतात, हा आपत्ती-व्यवस्थापनातला नेहमीचा धोका. इथे तसं झालं नाही, याचं कारण वर चढण्याची किंमत कमी होती : थोडीशी चढण आणि थोडी थट्टा. ज्या गावाला एका फेरीसाठी दिवसाची मजुरी बुडवावी लागते, तिथे ही सवय टिकेलच असं धरून चालता येत नाही.

पाळणा, आंघोळ, ढोल, दिवा

बेटावर नान्दोंग नावाचा गाण्याचा प्रकार आहे. व्हायोलिन आणि ढोल यांच्या साथीनं लग्नाकार्यात रात्रभर चालणारा. स्मोंगवर आज ज्या नान्दोंग ओळी सगळीकडे ऐकू येतात, त्यांच्या शेवटी चार प्रतिमा आहेत : स्मोंग ही तुझी आंघोळ, भूकंप हा तुझा पाळणा, मेघगर्जना हा तुझा ढोल, वीज हा तुझा दिवा.

या ओळींत भीती घालण्याचा प्रयत्न नाही. समुद्र कोपलेला नाही, देव रागावलेला नाही, कुणी पाप केलेलं नाही. जमीन हलणं हे घरातल्या पाळण्याइतकं ओळखीचं आहे, आणि ज्याची ओळख आहे त्याच्याशी कसं वागायचं हेही ठाऊक असतं. २००४ नंतर आचेमध्ये अनेकांनी लाटेकडे शिक्षा किंवा परीक्षा म्हणून पाहिलं. सिमेउलुएचे लोकही मुसलमानच, आणि घडतं ते अल्लाच्या मर्जीनं हे तेही मानतात. पण गोष्ट कारणाच्या वाटेला जात नाही. ती फक्त क्रम सांगते : हे झालं की ते होतं. कारण कुणाचंही असो, पाय आपले.

मूळनिवासी समाजांच्या कथा म्हणजे निसर्गाशी एकरूप होण्याची स्तोत्रं, असं शहरी वाचकाला वाटतं. या गोष्टीत समुद्राशी एकरूप व्हायला कुणी सांगत नाही. समुद्रावर जगायचं आणि वेळ आली की त्याला जागा करून द्यायची, असा व्यवहार आहे. पूर्वजांचा निरोप पुढे देणं हे त्यात कर्तव्य मानलं आहे. ज्यानं ऐकलं त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी येते.

लांगी : आठ मिनिटांचा हिशेब

उत्तर टोकावरचं लांगी हे गाव केंद्राला फार जवळ. वस्ती सुमारे ८००. हादरे थांबल्यापासून साधारण आठ मिनिटांत पाणी आलं आणि त्याची उंची १० मीटरच्या वर गेली. गाव पायापासून पुसलं गेलं. एकही माणूस गेलं नाही.

आठ मिनिटं म्हणजे ४८० सेकंद. धडधाकट माणूस झपाट्यानं, सेकंदाला दीड मीटर चालला तर ७२० मीटर जाईल. कडेवर मूल घेतलेली आजी चढावर त्याच्या निम्म्या वेगानं जाते असं धरलं, तर ३६० मीटर. पहिली दोन मिनिटं 'काय करू या' यात गेली, तर आजीचं अंतर २७० मीटरवर येतं. या हिशेबात ती दोन मिनिटं हाच जगण्यामरण्याचा भाग आहे, आणि गोष्टीनं वाचवलं ते नेमकं तिथे. विचारविनिमय ९७ वर्षं आधीच उरकलेला होता.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी. लांगीच्या पाठीशी डोंगर आहे. सिमेउलुएच्या बहुतेक गावांना तो आहे. गोष्ट 'वर पळा' म्हणते, कारण वर जायला जागा आहे. कार निकोबारसारख्या सपाट बेटावर हीच गोष्ट शंभर वर्षं सांगितली असती तरी तिला चढायला डोंगर मिळाला नसता. बांदा आचे शहरात पाणी काही किलोमीटर आत घुसलं. तिथल्या किनारपट्टीवरच्या माणसाला पायी सुटका जवळजवळ नव्हती. म्हणून बेटावर सातच माणसं दगावली याचं सगळं श्रेय गोष्टीला देणं बरोबर नाही. गोष्ट, डोंगर आणि डोंगराकडे जाणारी मोकळी पायवाट, या तिघांचं ते काम आहे.

आणखी एक स्थानिक तपशील. २००४ च्या भूकंपानं बेटाचा वायव्य भाग जागच्या जागी सुमारे दीड मीटर उचलला गेला. प्रवाळाचे खडक कायमचे उघडे पडले. मार्च २००५ मध्ये ८.६ तीव्रतेचा दुसरा भूकंप झाला तेव्हा दक्षिण भाग उचलला गेला. २८ मार्चच्या त्या रात्रीही लोक वर गेले. त्या भूकंपात शेकडो माणसं मेली ती मुख्यतः शेजारच्या नियासवर, आणि तीही लाटेनं नाही, घरं अंगावर पडून. स्मोंगच्या गोष्टीत लाटेचा उपाय आहे, कोसळणाऱ्या भिंतीचा नाही. १९०७ मध्ये घरं लाकडाची होती, विटा-सिमेंट नंतर आलं.

मुख्य भूमीवर का नाही?

१९०७ ची लाट सुमात्राच्या किनाऱ्यावरही आली होती. तिथे गोष्ट का टिकली नाही, याचं एकच उत्तर देता येत नाही. आचे तेव्हा डच वसाहतीशी १८७३ पासून चाललेल्या दीर्घ युद्धातून जात होतं. पुढे १९७६ पासून २००५ पर्यंत बंडखोर आणि सरकार यांच्यातला संघर्ष. गावं उठली, माणसं हलली, शहरं बाहेरून आलेल्यांनी भरली. जिथे आजी आणि नातू एकाच किनाऱ्यावर राहत नाहीत, तिथे किनाऱ्याची गोष्ट सांगायला प्रसंगच उरत नाही. सिमेउलुए आडबाजूला पडलेलं बेट होतं, आणि एरवी गैरसोय म्हणून मोजलं जाणारं हे आडबाजूपण इथे उपयोगी पडलं.

थायलंडच्या सुरिन बेटांवरच्या मोकेन या समुद्रभटक्या लोकांचंही असंच. 'लाबून' म्हणजे माणसं गिळणारी लाट, तिची कथा त्यांच्यात होती, आणि समुद्र ओसरल्याबरोबर वडीलधाऱ्यांनी सगळ्यांना वर नेलं. लिटल अंदमानचे ओंगी आदिवासीही वेळेत उंचावर गेले.

गोष्ट जिथे फसू शकते

हा भाग बहुतेक गौरवलेखांत गाळला जातो.

पहिली खूण 'जमीन जोरात हलते' अशी आहे. पण काही भूकंप संथ असतात : फाट सावकाश सरकते, हादरा सौम्य वाटतो, पाणी मात्र प्रचंड ढकललं जातं. भूकंपशास्त्रात त्यांना 'त्सुनामी भूकंप' म्हणतात. २५ ऑक्टोबर २०१० रोजी सुमात्राच्याच मेंतावाई बेटांजवळ असा ७.८ चा भूकंप झाला. हादरा हलका पण लांबलेला होता. त्याआधी २००७ मध्ये तिथल्या लोकांनी याहून जोराचा भूकंप अनुभवला होता आणि तेव्हा मोठी लाट आली नव्हती. बरेच जण घरीच थांबले. चारशेहून अधिक माणसं गेली.

जुन्या नोंदींचा फेरअभ्यास झाला तेव्हा १९०७ चा भूकंपही याच संथ जातीचा ठरला. म्हणजे ज्या घटनेतून गोष्ट जन्मली, ती घटना जशीच्या तशी पुन्हा घडली तर पहिली खूण पुरेशी ठसठशीत वाटेलच असं नाही. २००४ चा हादरा प्रचंड होता म्हणून प्रश्न आला नाही. संथ भूकंपात दुसरी खूण, म्हणजे ओसरलेलं पाणी, हीच खरी राखणदार. पण ती दिसते तोवर आठातली किती मिनिटं उरतात?

इंडोनेशियात आता '२०-२०-२०' असा नियम शिकवला जातो : २० सेकंद हादरा जाणवला तर २० मिनिटांच्या आत २० मीटर उंची गाठा. यात जोरापेक्षा कालावधी मोजला जातो. स्मोंगच्या गोष्टीत 'जोरात' सोबत 'बराच वेळ' हे शब्द घालायला फार कष्ट नाहीत. नाफी-नाफी लवचीक असते, आजी तिच्यात म्हैस घालू शकते तर सेकंदही घालू शकते. ते शाळेतल्या फलकावर न राहता तिच्या तोंडी यायला हवेत.

दुसरी खूणही सार्वत्रिक नाही. २००४ मध्ये फाटीच्या पूर्वेकडे, म्हणजे सुमात्रा आणि थायलंडच्या बाजूला, समुद्र आधी मागे गेला. पश्चिमेकडे, म्हणजे श्रीलंका आणि तमिळनाडूच्या बाजूला, बहुतेक ठिकाणी पाणी आधी चढलं. नागपट्टणमला हादरा जेमतेम जाणवणार, पाणी आधी ओसरणार नाही आणि पाठीशी डोंगरही नाही. तिथे स्मोंगची गोष्ट तमिळमध्ये आणून सांगितली असती तर ती सांगाड्यासकट निरुपयोगी ठरली असती. गोष्टीची ताकद ती स्थानिक असण्यात आहे आणि मर्यादाही त्यातच.

२००४ नंतर

२००५ मध्ये सिमेउलुएच्या लोकांना संयुक्त राष्ट्रांचा आपत्ती-निवारणासाठीचा सासाकावा पुरस्कार मिळाला. त्यानंतर गोष्टीला नवे अवतार आले : नान्दोंग, कविता, इंडोनेशियन भाषेतली गाणी, शाळेतले धडे. आज स्मोंग म्हणून जे बाहेर ऐकू येतं, त्यातलं पुष्कळसं या काळातलं आहे. २००४ ला लोकांना वाचवणारा प्रकार मुख्यतः साधी, गद्य नाफी-नाफी होता. गाणं लक्षात राहतं हे खरं. पण गाणं महोत्सवात म्हटलं जातं आणि टाळ्यांनी संपतं, छोट्या भूकंपानंतरच्या रात्री घरात निघणारी गोष्ट वेगळं काम करते. बेटावरच्या तरुणांनी दोन्ही मोबाइलवर ऐकली, तर उजळणी जमिनीच्या वेळापत्रकानं व्हायची थांबेल.

११ एप्रिल २०१२ रोजी खोल समुद्रात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. समुद्रतळाखालचे खडक एकमेकांना घासून आडवे सरकले, पाणी फारसं उचललं गेलं नाही, म्हणून मोठी लाट आली नाही. पण बांदा आचेमध्ये लोक गाड्या-मोटारसायकली घेऊन निघाले आणि रस्ते तुंबले. 'वर पळा' हे पायांसाठीचं वाक्य आहे. चाकांसाठी त्याचा अर्थ कोंडी होतो.

कोकणापुरतं

अशा गोष्टी नोंदवणाऱ्यांनी स्मोंगवरून प्रश्नावली तयार करावी : पहिली खूण कोणती, दुसरी कोणती, मोह कोणता, कृती कोणती, जायचं कुठे, सांगतं कोण आणि कोणत्या प्रसंगी. मग सांगितलेली वाट घड्याळ लावून चालून पाहावी, शक्यतो गावातल्या वयस्क माणसाच्या गतीनं. पाठाची रसिक चर्चा नंतर.

२८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्यापाशी मोठा भूकंप झाला आणि त्याची लाट सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईला पोचली. उंची सुमारे २ मीटर, आणि माणसं वाहून गेली. भूकंप आणि लाट यांत जवळजवळ पाच तासांचं अंतर होतं. त्यामुळे 'जमीन हलली की पळा' ही खूण आपल्या किनाऱ्यावर त्या दिवशी कामाची नव्हती. इथे खूण लागेल ती अवेळी चढणाऱ्या किंवा ओसरणाऱ्या पाण्याची, आणि ती ओळखायचं साधन किनाऱ्यावर आधीच आहे. तिथीला तीननं गुणून चारनं भागलं की भरतीची वेळ निघते, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक. तो दिवस कार्तिक वद्य अष्टमी-नवमीच्या आसपासचा, म्हणजे भांगाचा, भरती-ओहोटीतला फरक सगळ्यांत कमी असण्याचा. भरती सहा ते पावणेसातच्या दरम्यान. सव्वाआठला पाणी ओसरत असायला हवं होतं, आणि तेही भांगाच्या मंद गतीनं. त्या वेळी ते दोन मीटर चढत असेल, तर जाळं सोडून वर निघायचं.